बारा दिवसांची पाणीपातळी

रोज सकाळी धरणाच्या पायऱ्या उतरल्यावर पट्टीकाका आधी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसायचे, मग भिंतीवर रंगवलेल्या मोजपट्टीवर पाणी कुठे टेकलंय ते तीनदा वाचायचे आणि मगच वहीत लिहायचे.

निवृत्तीला तीन महिने उरले असताना कार्यालयात कृत्रिम बुद्धिमत्ता आली. उद्या पाणी किती चढेल, दरवाजे कधी उघडायचे, हे आता ती सांगणार होती. तिला शिकवायला काकांच्याच जुन्या वह्या दिल्या होत्या. वीस दिवस तिचा एकही अंदाज चुकला नाही, तशी काकांच्या मनात पाल चुकचुकली.

“इतकं अचूक कुणी नसतं,” ते घरी म्हणाले. “काहीतरी लपवतंय ते यंत्र.”

“तुमच्या वह्या वाचून शिकलंय ना?” बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. “मग गुण लागणारच.”

पुढच्या आठवड्यात पावसाने ठाण मांडलं. पट्टीवर पाणी तासाला बोटभर चढत होतं. संगणकाच्या पडद्यावर मात्र एकच सांगणं: बासष्ट फुटांवर थांबेल, दरवाजे बंद ठेवा.

“थांबेल काका,” तरुण अभियंता बाई म्हणाल्या. “नऊ वर्षांपूर्वी असाच पाऊस होता. बारा दिवस पाणी बासष्टवरच होतं. तुमच्याच वहीत आहे.”

 ते बारा दिवस बायको दवाखान्यात होती आणि काका तिच्या उशाशी. धरणावर फिरकलेच नव्हते. परतल्यावर रिकामे रकाने त्यांनी एकाच आकड्याने भरून टाकले होते.

गप्प बसलं तर नोकरी सुखरूप संपणार होती. पण दरवाजे उशिरा, एकदम उघडावे लागले, तर खालची कामगार वसाहत पाण्यात जाणार होती.

“मॅडम, ते आकडे खोटे आहेत,” ते म्हणाले. “मी पट्टी न बघताच लिहिलेत.”

 बाईंनी लगेच फोन उचलला. दरवाजे त्याच दुपारी टप्प्याटप्प्याने उघडले. वसाहत कोरडी राहिली. काकांना नोटीस आली, निरोप समारंभ तेवढा रद्द झाला.

शेवटच्या दिवशीही पडद्याकडे त्यांनी तिरकाच कटाक्ष टाकला. वही बाईंच्या हातात दिली.

“नवीन माणसाला सांगा, यायला जमलं नाही तर रकाना कोरा सोड म्हणावं. आणि खालच्या दोन पायऱ्या निसरड्या आहेत, चपला काढून उतर.”