तात्याला सांगितलेला शेवट

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आणि गेल्या महिन्यात दहाव्याला माझ्या गळ्यात पडून रडले त्यांच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही तात्याला ओळखत नव्हता — बहुधा म्हणूनच.

तात्या माझा थोरला भाऊ. सगळं वरकुटे गाव त्याला तात्या म्हणायचं, म्हणून मीही. दहाव्याला आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे चार जण माइकवर बोलले. शेवटचा म्हणाला, "तात्याचं डोळं गेलं, पर ह्या धाकट्यानं सोताचं डोळं त्येला दिलं. सा वर्सं थेटरात नेऊन कानात पिक्चर सांगितला. भाऊ असावा तर ह्यो असा." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी हात जोडले, खाली बघितलं. लोकांना ते दुःख वाटलं.

दुःख होतंच. पण मान त्यानं खाली गेली नव्हती.

आधी तात्या काय होता ते सांगायला हवं. इंदापूरला किंवा बारामतीला नवा पिक्चर लागला की तो सायकल काढायचा आणि संध्याकाळी गावातल्या दूध डेअरीवर, माप चालू असताना, तो पिक्चर सांगायचा. दूध घालून झालेली माणसं रिकाम्या किटल्या घेऊन तशीच उभी राहायची. तीन तासांचा पिक्चर असेल तर तात्या दोन संध्याकाळी घ्यायचा. पावसाचा आवाज, घोड्याचा आवाज, सासूचा आवाज — सगळं तोंडानं. "थेटरात नुसती चित्रं दिसत्यात, पिक्चर तात्याकडनंच कळतो," असं लोक म्हणत.

मी बारामतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. माझ्याजवळ कपाटं भरून गोष्टी. एकदा, फार वर्षांपूर्वी, मी डेअरीवर एका कादंबरीची गोष्ट सांगायला घेतली होती. चौथ्या-पाचव्या वाक्याला कुणीतरी किटली उचलली. मग दुसऱ्यानं. मी वाक्य अर्धं सोडलं, तेही कुणाच्या ध्यानात आलं नाही. हे मी विसरलो, असं मला वाटत होतं.

मग तात्याला साखर झाली आणि डोळे गेले. उसाच्या तालुक्यात राहून साखरेनंच घात केला, असं तोच सगळ्यांना हसून सांगायचा. घरी बसला. तीनेक महिन्यांनी म्हणाला, "बापू, मला थेटरात घिऊन चल. कान हायती की अजून."

रविवार-आड-रविवार मी त्याला एस.टी.नं बारामतीला आणायचो. बारा वाजताचा खेळ, कडेच्या दोन खुर्च्या. पहिल्याच दिवशी त्यानं मला दम दिला — "बोलत्यात ते मला ऐकू येतंय. तू निस्तं दिसतंय त्येवढंच सांग." तेव्हापासून तसंच. कोण कुणाकडे बघतं, कुणी मान फिरवली, दार उघडं राहिलं की लागलं, हे मी सांगायचं. पडद्यावर जे जे मुकं होतं, ते सगळं माझ्या हातात होतं. हे लक्षात ठेवा.

आणि संध्याकाळी डेअरीवर माझीच वाक्यं मला ऐकू यायची. 'तिनं ओठ दाताखाली धरला, पण रडली नाही' — हे मी त्याच्या कानात म्हटलेलं. तात्या ते उभ्या गावाला सांगायचा, आणि लोक म्हणायचे, "वा तात्या!" मी मागे, भिंतीला टेकून. मला राग यायचा का? तेव्हा विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. खोटं बोलायची सवय एका दिवसात लागत नाही.

त्या रविवारचा पिक्चर एका म्हाताऱ्या नावाड्याचा होता. त्याची मुलगी भांडून घर सोडून गेलेली. तो रोज नाव घेऊन पलीकडच्या काठाला जाऊन थांबतो. मध्यंतरात आमच्या कॉलेजातले एक प्राध्यापक भेटले, सोबत त्यांची बायको. मी ओळख करून दिली. तात्या खुशीत होता. म्हणाला, "सायेब, माझं डोळं साखरंनं खाल्लं, ह्येचं पुस्तकांनी. दोन आंधळी हायती, एकाच तिकिटात बसवाया पायजे हुतं!" प्राध्यापक मोठ्यानं हसले. त्यांची बायको तोंडावर रुमाल धरून हसली. मीही हसलो.

एवढंच. एवढ्यासाठी? — हो, एवढ्यासाठी. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. नाही सापडलं.

त्या पिक्चरच्या शेवटच्या दहा मिनिटांत एकही शब्द नव्हता. पाण्याचा आवाज, मधूनच पक्षी, सनईसारखं काहीतरी वाजणारं. तात्या माझ्याकडे झुकला. "आली का रं पोरगी?" मी म्हणालो, आली. काठावर उभी आहे. "मग?" मी पडद्याकडे बघत होतो. जे दिसत होतं ते अगदी स्वच्छ दिसत होतं. आणि मी म्हणालो — तिनं बापाकडे बघितलं आणि माघारी फिरली. "आन् ह्ये पाणी कशाचं वाजतंय?" तो एकटाच निघालाय, मी म्हणालो. रिकामी नाव घेऊन.

तात्या खुर्चीत मागे टेकला. काळ्या काचांच्या चष्म्याखाली बोट घालून त्यानं डोळे पुसले. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. माझी गोष्ट पहिल्यांदा कुणीतरी शेवटपर्यंत ऐकली होती.

एस.टी.त त्यानं तीनदा विचारलं, "आसं कसं केलं रं तिनं?" मग ओठ हलवत तो संध्याकाळची तयारी करत राहिला. फाट्यापर्यंत मला पुष्कळ वेळ होता. एक वाक्य पुरलं असतं — तात्या, मी चेष्टा केली. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

डेअरीवर त्यानं पिक्चर असा सांगितला, की मापवाल्यानं माप थांबवलं. शेवटाला आला. आवाज खाली आणला. पोरगी माघारी फिरली म्हणाला, आणि थांबला. तो थांबायचा तेव्हा कुणी खोकतसुद्धा नसे.

"आवं तात्या, न्हाय फिरत ती!" सुनंदा बोलली. आमच्या मळ्याशेजारची सून, दुधाची किटली कमरेवर. "ती नावंत बसती की. आमी जोडीनं बघितलाय इंदापूरला, गेल्या आयतवारी."

कुणीतरी हसलं. मग दुसरा म्हणाला, "तात्या, डुलकी लागली हुती जनू!" मग सगळेच. वाईट हसणं नव्हतं ते, आपल्या माणसाला हसतात तसं. पण त्या जागी तात्याला कुणी हसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

तात्यानं तोंड माझ्या दिशेला वळवलं. मी कुठे उभा आहे हे त्याला नेहमी कळायचं. तो वाट बघत होता. किती वेळ? मोजला नाही, पण सुनंदानं किटली खाली ठेवली आणि मापवाल्यानं तिचं दूध ओतून घेतलं, एवढा वेळ. मी भिंतीला टेकूनच राहिलो.

"व्हय," तात्या म्हणाला. "डुलकीच लागली आसंल. वय झालं."

त्यानंतर त्यानं डेअरीवर पिक्चर सांगितला नाही. पंधरा दिवसांनी मी न्यायला गेलो, तर म्हणाला गुडघा दुखतोय. त्याच्या पुढच्या वेळी मी गेलोच नाही. दोन वर्षं तो घराच्या ओट्यावर बसून राहिला. लोक म्हणाले, तात्या खचला, साखर माणसाला आतून पोखरते. मीही तसंच म्हणालो. चारचौघांत, डॉक्टरसमोर, वहिनीसमोर.

इथंच थांबलो तर तुम्ही मला कदाचित माफही कराल. म्हणून पुढचं.

जायच्या आठवडाभर आधी तो बारामतीच्या दवाखान्यात होता. दुपारची वेळ. वहिनी डबा धुवायला गेलेली. त्यानं माझं मनगट चाचपून धरलं. "बापू, त्या नावाड्याच्या पिक्चरचा शेवट खरा काय हुता रं?"

आवाजात राग नव्हता. त्याला गोष्ट पुरी करायची होती, बस्. मी पुस्तकांत आयुष्य घालवलेला माणूस. अशा वेळी काय बोलावं हे मी शंभर जागी वाचलेलं. मी म्हणालो, "मी सांगितला तोच, तात्या."

त्यानं मान उशीवर सरळ केली. मग म्हणाला, "मंग सुनंदाच चुकली म्हणायची." आणि माझं मनगट थोपटलं. माझं — त्यानं.

त्याला ठाऊक होतं की नव्हतं, हे मला कधीच कळणार नाही. ठाऊक होतं असं धरलं तरी झोप येत नाही, नव्हतं असं धरलं तरी येत नाही.

शेवट असा होता. मुलगी काठावर येते. चपला काढून हातात घेते आणि गुडघाभर पाण्यात उतरते. नावेत चढते. म्हातारा उठत नाही, बोलत नाही. ती त्याच्या हातातलं वल्हं काढून घेते. रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नाही, म्हणून तो ते मांडीवर ठेवतो. नाव ती चालवते. तात्या, पाणी वाजत होतं ते तिच्या वल्ह्याचं.