आप्पांचे पाच किलवर

सकाळी साडेसहाला पुण्याहून शिरूरची एसटी धरली तेव्हा मी स्वतःवरच चिडलेली होते. पासष्टी ओलांडलेल्या बाईने पत्ते खेळायला गाड्या बदलत जावं, याला कोणी शहाणपण म्हणणार नाही. माझ्या सुनेने हेच जरा गोड शब्दांत सांगून पाहिलं. पण दौंडच्या जुन्या ब्रिज खेळणाऱ्यांनी रविवारी सामने ठेवले होते, आणि मला आप्पांशिवाय दुसरा भिडू (जोडीदार) चालत नाही.

आप्पा मालगाडीचे गार्ड. मी दौंडला शाळेत शिकवत असताना आम्ही अकरा वर्षं एकत्र खेळलो. निवृत्त झाल्यावर ते आपल्या गावी, मांडवगण फराट्याला गेले. आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण बोलणं गेलं, असं त्यांचा मुलगा विलास फोनवर म्हणाला होता. तरी मी त्यांचं नाव देऊन टाकलं.

कोरेगाव भीमाला कंपन्यांच्या बसगाड्यांत आमची एसटी अर्धा तास अडकली. शेजारच्या मावशींनी कुठं निघालात म्हणून विचारलं. पत्ते खेळायला, म्हणून सांगितल्यावर त्यांनी मांडीवरची पिशवी उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली. शिरूरला मिसळ खाल्ली, ती तिखट म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणारी. पुढच्या गाडीतून मी घाईघाईत एक फाटा आधीच उतरले आणि उसाच्या कडेने दोन किलोमीटर पायपीट केली. उन्हाने आणि मिसळीने तोंड लालेलाल झालं होतं.

आप्पांचं घर नदीच्या अंगाला आहे. पुढे शेवंतीचा तुकडा, मागे थोडं माळवं (भाजीपाला). आप्पा ओसरीवर बसले होते. मला पाहून त्यांनी दोन्ही हात जोडले, तोंड उघडलं आणि म्हणाले, "पाणी." त्यांची सून मंगल पाणी घेऊन आली तर त्यांनी मान हलवली. त्यांना चष्मा हवा होता.

बाजरीची भाकरी, शेपूची भाजी आणि ठेचा वाढता वाढता मंगलने सगळं सांगितलं. विलास रांजणगावला कंपनीत आहे. शिरूरला दवाखाने जवळ, म्हणून तिथे खोली बघितली आहे. आप्पांना तिकडे न्यायचं आणि शेत वाट्याने द्यायचं. आप्पांना विचारलं का, असं मी म्हणताच तिने ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "तीनदा इचारलं, बाई. एकदा व्हय म्हणले, दोनदा न्हाई. त्यांचं व्हय म्हंजी व्हयच आसतं आसं न्हाई आता. डोक्यात शिरतंय का, तेच कळंना."

आप्पा समोरच बसून जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही. माणूस समोर असताना त्याच्याबद्दल असं बोलणं वाईट, पण मंगलच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. आठ महिने उशापायथ्याशी तीच होती.

दुपारी विलासने आम्हाला गाडीतून दौंडला नेलं. भीमेच्या पुलावर आप्पांनी काच खाली घेतली आणि रेल्वेचा पूल दिसेपर्यंत बाहेर पाहत राहिले. विलास वाटेत सारखा म्हणत होता की आप्पा चुकले तर कोणी हसायला नको. मीही मनातून धास्तावलेलीच होते.

ब्रिजमध्ये आधी बोली लागते. तेरापैकी किती हात करणार ते सांगायचं आणि तेवढे करून दाखवायचे. समोरासमोर बसलेले दोघे भिडू बोलीतूनच एकमेकांना आपली पानं कळवतात, एरवी एक अक्षर बोलायचं नाही. बोलीतला आकडा पहिल्या सहाच्या वरचे हात सांगतो, म्हणून सहाची बोली म्हणजे बारा हात, तिला स्लॅम म्हणतात. जमली तर गुणांची चंगळ, एक हात कमी पडला तरी सगळं पाण्यात. आता बोली तोंडाने लावत नाहीत, पेटीतलं छापील कार्ड काढून ठेवतात. बोलण्याची गरज नसल्याने आप्पा तिथे बाकीच्यांसारखेच होते. पहिले सात डाव ते इतके नेटके खेळले की मी त्यांचा आजार विसरले.

शेवटचा डाव. समोर एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर, सगळे त्यांना मामा म्हणतात, आणि त्यांचा भाऊ. गुण जवळजवळ बरोबरीत. माझ्या हातात बदामाची लांब रांग, दोन एक्के, राजे. मी एक बदाम ठेवला, आप्पांनी दोन सोडून एकदम तीन बदाम ठेवले, म्हणजे त्यांच्याकडेही ताकद होती. मला बारा हात दिसायला लागले. मी एक्के किती, असं विचारणारी बोली लावली. आप्पांचा हात पेटीकडे गेला, एका कार्डावर थबकला, दुसऱ्यावर गेला आणि शेवटी पाच किलवर समोर आले. ठरलेल्या संकेतात पाच किलवर म्हणजे एकही एक्का नाही.

इतकी ताकद दाखवणाऱ्याकडे एकही एक्का नाही? मला ते पाणी आणि चष्मा आठवले. भिडूची बोली ऐकायची, त्याचा हात कुठे अडखळला ते बघायचं नाही, हा या खेळाचा पहिला नियम. मी तो मोडला. पाच बदामांवर थांबायचं सोडून मी सहा बदाम ठेवले.

मामांनी इस्पिकचा एक्का टाकला. खेळाच्या नियमाप्रमाणे आप्पांनी आपली पानं उघडी करून मांडली. राण्या, गुलाम, एक किलवरचा राजा. एक्का एकही नाही. पुढच्याच पानाला मामांच्या भावाने चौकटचा एक्का टाकला आणि आम्ही बुडालो. पाचवर थांबले असते तर सामना आमचा होता.

आप्पा पूर्वी अशा वेळी मला फाडून खायचे. आता त्यांनी पेटीतून पाच किलवरचं कार्ड पुन्हा काढलं, माझ्यापुढे ठेवलं आणि त्यावर बोटाने दोनदा टकटक केलं. मामा हसत म्हणाले, "आप्पांनी सांगितलं व्हतं की, बाई."

मला भर सभेत रडू आलं. विलास मागे उभा होता. त्याला खेळातलं काही कळत नाही. हे कार्ड म्हणजे काय, असं त्याने विचारलं, तेव्हा मी सांगितलं की माझ्या प्रश्नाला आप्पांनी दिलेलं ते उत्तर होतं.

"बरुबर व्हतं?"

"अगदी बरोबर होतं."

"मग तुम्ही आयकलं का न्हाई?"

"मला वाटलं, त्यांना कळलं नसेल."

विलास मग वडिलांपुढे खुर्ची ओढून बसला. "आप्पा, शिरूरला जायचं का?"

आप्पांचे ओठ हलले, थांबले, परत हलले. माझ्या जिभेवर शब्द येत होते, मी ते गिळले. विलासही थांबला. शेवटी आप्पा म्हणाले, "न्हाई."

विलासने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये कासुर्डीपर्यंत उजेड होता. मी तो डाव मनात परत परत मांडून पाहिला आणि दर वेळी पाच बदामांवर थांबले. शाळेत तीस वर्षं मुलांना मी प्रश्न विचारत आले. अडखळणाऱ्या किती मुलांचं बरोबर उत्तर मी पुरतं ऐकूनच घेतलं नसेल, हे घर येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही.