विंगेतून आलेलं वाक्य

या सदरातले अनुभव मी आजवर हसत हसतच वाचत आलोय. कोणाला पिंपळाखाली पांढऱ्या साडीतली बाई दिसली की मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि आम्ही दोघं मिळून टिंगल करायचो. आता माझी पाळी आहे, तेव्हा टिंगल खुशाल करा. फक्त एवढं लक्षात असू द्या — भीती वाटली म्हणून मी हे लिहीत नाहीये. लाज वाटते म्हणून लिहितोय.

मी वडशाला राहतो. ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो आणि हिवाळ्यात झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांत कामं करतो... बहुधा सासऱ्याची, नाहीतर इन्स्पेक्टरची. शिवाय नवोदित कादंबरीकारांसाठी कार्यशाळा घेतो. स्वतःची एकही कादंबरी तेव्हा छापून आलेली नसताना हा माणूस कादंबरी शिकवतो, यावर मित्रांचं पोटभर हसून झालेलं आहे. पण सल्ले काही चुकीचे नव्हते हो! पहिला खर्डा कोणाला दाखवू नका. थोडे दिवस कपाटात टाका आणि विसरा. मग काढून मोठ्याने वाचा, जीभ अडखळेल तिथे पेन्सिल चालवा. प्रकाशकाकडे अख्खं बाड नेऊन आदळू नका, सारांश आणि सुरुवातीची प्रकरणं पाठवा, आणि मग फोन करकरून त्याचा जीव खाऊ नका. करारावर सही करण्याआधी करार वाचा. हे सगळं मी आजही सांगेन.

माझी कादंबरी माझ्या मोठ्या बहिणीवर बेतलेली होती. आम्ही तिला बाई म्हणतो. ती कुरखेड्याला असते. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी लहान असताना, तिची तान्ही मुलगी तापाने गेली. भाऊजी पोरीला दवाखान्यात न्यायला गाडी बघायला गेले होते, घरात बाई आणि मांडीवरची पोर, एवढंच. ते परत आले तेव्हा सगळं संपलेलं होतं. मी लिहितोय हे बाईला माहीत होतं. लिही ना, म्हणाली होती. भावाचं पुस्तक येणार म्हणून शेजारणींना सांगायचीसुद्धा.

पण नेमकं ते प्रकरण जमेना. पुण्याच्या प्रकाशकाने बाकीचं आवडल्याचं कळवलं होतं आणि तेवढंच परत पाठवलं होतं. म्हणाले, इथे आई पोरीशी बोलत नाही, भाषण देते. खरं होतं. मी तिच्या तोंडी पानभर मजकूर घातला होता. दहा वेळा बदलला, दहा वेळा खोटाच निघाला.

दिवाळीच्या आधी आमच्या नाटकमंडळीच्या तालमी चालू होत्या. राइस मिलच्या मागे एक लांबट हॉल आहे, तिथे. दुपारी सगळे जेवायला गेले. मी डबा आणला होता, म्हणून एकटाच राहिलो आणि ते प्रकरण घेऊन मोठ्याने वाचायला उभा राहिलो.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. सीझनमध्ये एकेक नट चार-चार नाटकं करतो, पाठांतर कोणाचंच पक्कं नसतं. विंगेत प्रॉम्प्टर उभा असतो आणि हलक्या आवाजात एकेक वाक्य पुढे सरकवतो. नटाने कान तिकडे ठेवायचा आणि आलेलं वाक्य उचलायचं. विचार करत बसलं की सीन पडला.

तर मी वाचत वाचत त्या जागेपाशी आलो. पोर मांडीवर आहे, आई तिच्याकडे बघते... आणि मी थांबलो. सवयीने मान विंगेकडे झुकली. आणि वाक्य आलं.

हलकं, सपाट. प्रॉम्प्टरचं असतं तसंच — ना बायकी, ना पुरुषी. मी ते उचललं आणि म्हणून मोकळा झालो. पुढच्या ओळीवर नजर गेली तेव्हा कळलं, हे तर कागदावर नाही! विंगेत जाऊन पाहिलं. गुंडाळलेला पडदा आणि दोन खुर्च्या. मागचं दार बाहेरून कुलूपबंद. हॉलमध्ये माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

अंगावर काटा आला असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. मला आनंद झाला. काय वाक्य सापडलं, हाच पहिला विचार! पानभर भाषण खोडलं, तेवढं एक वाक्य लिहिलं आणि डबा उघडून पोटभर जेवलो. प्रकरण पुण्याला पाठवलं, तर प्रकाशकाचा फोन आला की त्या एका वाक्यावर पुस्तक घेतोय.

प्रुफं आली तशी मी मिरवायला कुरखेड्याला गेलो. बाई अंगणात तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून, चष्मा लावून ती सावकाश वाचू लागली. त्या पानावर थांबली. मला वाटलं, रडेल. मी मनातून खूशच होतो.

"हे तुले कोनं सांगतलं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, सुचलं. तिने मान हलवली.

"मी हेच म्हनलं होतं तिले. तुह्या भाऊजीलेबी आजवर सांगतलं नाई. कोनालेच नाई."

मग मी तालमीच्या हॉलचं सगळं सांगितलं. तिने एकही शंका काढली नाही. चष्मा काढला, प्रुफं नीट जुळवून माझ्या हातात दिली.

"तिचं माह्याजवळ तेवढंच होतं रे," ती म्हणाली.

जमिनीत गडप व्हावं असं वाटलं. तिथेच तिच्यासमोर ते वाक्य खोडलं. प्रकाशक चिडले, पुस्तकाचा जीवच काढून घेतलात म्हणाले. पुस्तक त्याच्याशिवाय निघालं, बरं चाललंही आहे. ते वाक्य मी इथे लिहिणार नाही, कृपया विचारू नका.

तो आवाज कोणाचा, ते मला आजही सांगता येत नाही. कोणी म्हणेल, लहानपणी कधीतरी बाईच्या तोंडून निसटलेलं ऐकलं असेल. मीही तसं म्हणून पाहिलं, पण बाई ठाम आहे. आणि खोडलं म्हणजे परत दिलं असं होत नाही. मला ते पाठ आहे, आणि मला पाठ आहे हे तिला माहीत आहे.

पूर्वी मी गेलो की बाई मनात येईल ते बोलायची. आता बोलायच्या आधी एकदा माझ्याकडे बघते.