घड्याळकाकांचा गुरुवार

आमच्या वृद्धाश्रमात दर गुरुवारी एक गृहस्थ येतात. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला, म्हणून सगळे त्यांना घड्याळकाका म्हणतात. आल्याबरोबर मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या टेबलावर ठेवायचं आणि मग खोल्याखोल्यांतून आजी-आजोबांशी बोलत बसायचं, हा त्यांचा शिरस्ता. बोलतात कसले, नुसतं ऐकतात. मी इथली सिस्टर. औषधं वाटता वाटता माझा जीव मेटाकुटीला येतो आणि हे महाशय एकेका आजोबांपाशी तास तास ठाण मांडून. सुरुवातीला मला भारी राग यायचा.

पाच नंबरच्या सुईणआजींचा मुलगा मागच्या महिन्यात वारला. "त्यांना सांगू नका, झेपायचं नाही," असं सूनबाईंनी बजावलं होतं. आजी रोज विचारायच्या, "तो कधी येणार गं?" मी म्हणायचे, "उद्या." माझं बघून सगळेच उद्या म्हणू लागले. आणि आजींनी जेवण टाकलं. चार दिवस नुसत्या पाण्यावर. असंच चाललं तर आजी हाती लागायच्या नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

गुरुवारी मी काकांना दारातच अडवून सगळं सांगितलं. "तुम्हीही उद्याच म्हणा. तुमचं काय जातंय?"

"सिस्टर, मी आपणहून काही सांगणार नाही," काका म्हणाले. "पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

माझा नुसता तिळपापड झाला. दुधाचा पेला घेऊन मी त्यांच्या मागोमाग गेले. आजींनी विचारलंच. काकांनी आजींचा हात तेवढा हातात घेतला.

"गेला ना तो?" आजी म्हणाल्या.

"हो."

आजी पोटातून रडल्या. मी घाबरून पुढे झाले, तर काकांनी खुणेनंच थांबवलं. कितीतरी वेळानं आजींनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या.

"सून फोनवर त्याचं नाव टाळायची, तेव्हाच कळलं होतं मला. पण तू इतक्या मायेनं उद्या म्हणायचीस. तुझ्यासमोर रडणार कशी?"

मी हातातला पेला खाली ठेवू लागले.

"आण ते दूध," त्या म्हणाल्या.

मी पेला दिला. मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि स्टूल ओढून त्यांच्या पलंगाशी बसले.

"लहानपणी कसा होता हो तो?"