लडकूनं विणलेली जाळी

"बूड न्हाय त त्याला जालं कसा म्हनाचा, सर? मासा ऱ्हाल का त्यान?"

"लडकू, मासा नाय, बॉल हाय तो! खाली पडाया पायजे!" खेळाचे मनोज सर शिडी धरून ओरडले.

वर कड्याला नायलॉनची कोरी जाळी, तळाला बोईट मासा घावावा तसा अडकलेला बॉल.

लडकू काल्हेरचा, खाडीत माशांसाठी पाग टाकत वाढलेला. भिवंडीच्या कॉलेजात नऊ वर्षं रोजंदारीवर शिपाई. दोन हजार चार साली कॉलेजांची बास्केटबॉल स्पर्धा भिवंडीत आली, तेव्हा प्राचार्य त्याला म्हणाले, "भांडण न होता पार पडली, तर तुझं नाव कायम नोकरीसाठी पाठवतो." जुन्या जाळ्या फाटलेल्या. लडकूनं मन लावून दोन विणल्या. बूड पक्कं बांधून.

पंचांनी पुस्तक उघडलं. बॉल वरून जाऊन आत राहिला, तरी दोन गुण. झालं! बास्केट झाली की खेळ थांबायचा, लडकू शिडी चढायचा, बॉल उपसायचा. तोवर पॉवरलूमवरची ड्युटी करून आलेली आपली पोरं फतकल मारून पाणी प्यायची, दम खायची. उंच पाहुणे उभ्या उभ्या आंबले. मध्यांतराला भिवंडी नऊ गुणांनी पुढं.

"आता कापू का बूड?" लडकूनं कोयती काढली.

"हात लावशील तर बघ!" मनोज सरांचा सूरच पालटला होता.

पाहुण्यांच्या कप्तानानं बॅग उचलली. "चाचा, मच्छी मार्केट है क्या ये? काटो, नहीं तो हम चले!"

"लडकूकाका, खबरदार!" म्हणत आपल्या एकानं कप्तानाची जर्सी गळ्याशी धरली. लडकूला त्या मुठीत आपली नऊ वर्षं दिसली. तो शिडीवर चढला न् तोंड वाकडं करून, स्वतःच्या म्हशीचं शेपूट कापावं तशी, दोन्ही बुडं कापली.

भिवंडी सतरा गुणांनी हरली.

"हरवलंस रे आपल्याला," प्राचार्य म्हणाले.

"पन भांडान झाला का, सायेब?"

प्राचार्यांनी मैदानाकडं पाहिलं. दोन्हीकडची पोरं एकाच पिंपातलं सरबत ढोसत होती. "नाही झालं."

"मंग माजा नाव?"

"पाठवतो."

"आजच पाठवा. उद्यापरेन तुमचा राग वाडंल."

प्राचार्य हसले की खोकले, कळलं नाही. लडकूनं शिडी खांद्यावर घेतली, भिंतीला लावली, आणि मैदानभर पसरलेले सरबताचे ग्लास गोळा करायला लागला.