आत्याने खऱ्या डॉक्टरला सांगितलं नाही ते

आत्याला ब्रेस्ट कॅन्सर झाला तेव्हा केमोसाठी ती आमच्याकडे पनवेलला राहायला आली. सासर उरणकडचं, तिथून ये-जा झेपली नसती. तिला हॉस्पिटलला न्यायचं काम माझं, कारण घरात रिकामटेकडा मीच, असं पप्पांचं मत.

हॉस्पिटलात एक मॅडम पेशंटना श्वासाचे व्यायाम शिकवायच्या, पायांना हलका मसाज करायच्या. याने आजार बरा होत नाही, हे आधीच सांगायच्या. मळमळ, भीती, झोप यांच्यासाठी फक्त. आत्याला ते भारी आवडायचं. घरी आलो की मी मॅडम व्हायचो.

"श्वाऽऽस घ्या... टेन्शन सोडून द्याऽऽ..."

"टेन्शन सोडू? मंग माज्या सुनेवर नजर कोन ठेवंल?"

तिसऱ्या केमोला मात्र रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "लिव्हर बिघडलंय, केमो देता येणार नाही. मावशी, दुसरं काही औषध घेता का?"

"नाय ओ. काय पन नाय."

घरी आल्यावर आत्या जेवायलाही उठली नाही. तिला हसवायला मी पप्पांचा चष्मा नाकावर ओढला, हातात पेन घेतलं आणि डॉक्टर झालो. "मावशीऽ, आणखी काय घेता? खरं खरं सांगायचं, बरं का."

ती हसली नाही. खाली बघत हळूच म्हणाली, "डॉक्टर, नेरे गावच्या वैदूचा काढा घेतंय. सकाली अनशापोटी."

मला वाटलं, ही पण नाटकात उतरली. त्याच आवाजात विचारलं, "कधीपासून?"

"पैल्या केमोपासून."

"आत्या, मस्करी करतेस ना?"

"तुला नाय सांगतलं मी. डॉक्टरला सांगतलं."

तिने कपड्यांच्या पिशवीतून साडीत गुंडाळलेली कोल्ड्रिंकची बाटली काढली. आत काळपट हिरवं पाणी. मी बाटली हलवून बघितली. चष्मा तसाच नाकावर.

वैदूची अट होती, औषध कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो. आमच्याकडे काविळीच्या औषधालाही हीच अट असते, लहानपणापासून ऐकतोय. पण म्हणून ही बाई केमो घेत असताना डॉक्टरच्या तोंडावर खोटं बोलेल?

"अगं, लिव्हर खराब होत चाललंय तुझं! कसला गुण?" मी ओरडलोच.

"आनि केमोनं नाय झालं, तर?" ती म्हणाली. "मंग माज्याकडं काय रायलं, सांग."

मला सगळ्यांचे आवाज काढता येतात. पण त्या वेळी मी पप्पांचा चष्मा काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेलो. बाटली माझ्या सॅकमध्ये. डॉक्टरांसमोर बसल्यावर आत्याने मला कोपर मारलं. "तू सांग. त्यांच्याच आवाजात सांग. म्हंजे मी सांगतल्यासारका होनार नाय."

काय करणार? खुद्द डॉक्टरांसमोर मी डॉक्टरांचा आवाज काढला. "पेशंट पहिल्या केमोपासून काढा घेते, बरं का." आणि बाटली टेबलावर ठेवली.

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. बाटली उजेडात धरून बघितली.

"काढा आजपासून बंद. यानेच झालं का, ते आत्ता नाही सांगता येणार, रक्त परत तपासू. श्वासाचे व्यायाम करा, मसाज करा, त्याला माझी ना नाही. पण पोटात जाईल ते आधी मला दाखवायचं."

"नि केमोनं गुन नाय आला तर?" आत्याने त्यांना थेट विचारलं.

"तर पुढचं औषध बघू. पण ते ठरवायला मला खरं कळायला हवं, मावशी."

आत्याने पदराची गाठ सोडून काळपट मुळ्यांची पुरचुंडी बाहेर काढली. ती मलाही माहीत नव्हती.

"ही पन हाय," ती म्हणाली. या वेळी स्वतःच्या तोंडाने.