प्लग कोणत्या रंगाचा होता

…तर तो इस्त्रीवाला, हो, तोच, ज्याला अख्खी गल्ली माघारी म्हणायची. नाव पडलं ते त्याच्या खोडीवरून. संध्याकाळी दुकान बंद करून निघायचा, कोपऱ्यावरच्या नळापर्यंत यायचा, आणि मनात पाल चुकचुकायची की इस्त्री चालूच राहिली असेल तर? की फिरला माघारी. मी सांगते तसंच लिही हं बाळा, शहाणपणा करून बदलू नकोस.

दुकान काही त्याचं नव्हतं. मालक वरच्या मजल्यावर राहायचा, त्याची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. शटरची किल्ली मालकाकडे. म्हणजे माघारीला खात्री करायची तर मालकाला जिना उतरून खाली यायला लागायचं. शटर वर जायचं, हा वाकून आत बघायचा. प्लग काढून खिळ्याला लटकवलेला, इस्त्री उभी, गार. मालक विचारायचा, झालं समाधान? हा मान खाली घालून हो म्हणायचा. आणि नळापाशी पोचला की नवीन घोर. शटर ओढताना धक्का बसून प्लग परत आत गेला असेल तर? आता खिळ्यावरचा प्लग उडी मारून भिंतीत जातो होय? पण मन चिंती ते वैरी न चिंती.

घरी बायको दम्याची. ती वाट बघून बघून चहा दोनदा गरम करायची. म्हणायची, "माझ्यापेक्षा त्या इस्त्रीची काळजी जास्त तुम्हाला. एकदा घरीच घेऊन या तिला, सवत म्हणून नांदवीन." तो हसायचा, पण तोंडानंच.

शेवटी मालक वैतागला. त्यानं स्पष्ट बजावलं, परत एकदा जरी मला खाली बोलावलंस तर उद्यापासून येऊ नकोस. माघारीनं कान पकडले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपड्यांच्या सुरकुत्या काढलेल्या, दुसरं काम येत नव्हतं, आणि पिकल्या केसांच्या माणसाला नव्यानं कोण ठेवणार?

त्याच सुमाराला बायकोला घेऊन तो दवाखान्यात गेला होता. बाकावर बसून याचा गुडघा आपला हलतोय, हलतोय. तिथल्या नर्सनं ते पाहिलं. चांगली पोरगी. बाजूला बसवून खोदून खोदून विचारलं. मग म्हणाली, "काका, डोळे मिटा, सावकाश श्वास घ्या, आणि जिथं जिवाला बरं वाटतं अशी जागा मनात आणा. समुद्र आणा, बाग आणा." यानं समुद्र पाहिलेला नाही, बाग पाहिली ती फाटकाबाहेरून. म्हणाला, "ताई, मला बंद दुकानच बरं वाटतं. सगळं आवरलेलं, इस्त्री गार."

नर्स हसली. मग तेच बघा, म्हणाली. पण घाई नको, एकेक वस्तू नीट बघायची.

दुसऱ्या दिवशी नळाच्या कट्ट्यावर बसून त्यानं डोळे मिटले. बटन बंद केलं. काळा प्लग ओढला, त्याचा एक कोपरा उडालेला, तोही दिसला. खिळ्याला लटकवला. इस्त्रीला तळहात लावला, गार. उठला आणि सरळ घरी गेला. पाणी भरणाऱ्या बायका खिदळल्या, माघारी समाधी लावायला लागला म्हणून. लागू दे की. बायकोचा चहा एकदाच गरम व्हायला लागला. रात्री झोप लागायला लागली. मालकानंही एकदा पाठीवर थाप मारली.

पण भीती काय कमी चलाख असते? ती नळापर्यंत थांबेना. दुकानातच, शेवटच्या शर्टाची घडी घालताना यायची. मग हा तिथंच, टेबलाला हात टेकून डोळे मिटायचा. प्लग काढलेला बघायचा, शांत व्हायचा, आणि मग खराखुरा प्लग काढायचा. बघणं आधी, करणं मागून. उलटी गंगा वाहायला लागली आणि त्याच्या ध्यानात आलं नाही.

एक दिवस सकाळपासून बायकोला धाप लागलेली. दिवसभर याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. संध्याकाळी मालकानं शटरला कुलूप घातलं, हा निघाला, कट्ट्यावर बसला, सगळं जागच्या जागी पाहिलं आणि निवांत मनानं घरी गेला. चहाचा कप हातात असतानाच बाहेर आग लागल्याचा ओरडा ऐकू आला.

दुकान गेलं. टेबल, गठ्ठे, लोकांचे कपडे, सगळं. मालकाच्या आईला खुर्चीत बसवून धुरातून खाली आणली. वाचली, पण खोकला तिला जडला तो जडलाच.

सकाळी काळ्या चिखलात सगळे उभे. वायरमन म्हणाला, भिंतीतली वायरही जुनाट होती, सगळं वितळलंय, वायरीनं झालं की इस्त्रीनं ते आता देवालाच ठाऊक. मालक माणूस वाईट नव्हता. त्यानं एवढंच विचारलं, प्लग काढला होतास ना?

माघारीनं तिथंच डोळे मिटले. "काढलेला दिसतोय मालक. अगदी स्पष्ट दिसतोय. खिळ्याला लटकवलेला."

मालकाचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात वायरमन सहज बोलून गेला. त्याच आठवड्यात त्यानं तो फुटका प्लग काढून नवा बसवला होता. म्हणाला, "म्हणजे पांढरा ना?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्याच्या डोक्यात कोण डोकावून बघणार होतं? बायकोनं त्याचं कोपर दाबून धरलं होतं. त्यानं परत डोळे मिटून पाहिलं.

"काळा," तो म्हणाला.

मालक उपड्या बादलीवर बसला आणि तोंड फिरवून म्हणाला, जा तू आता. तो गेला. त्या दिवशी मात्र माघारी फिरला नाही.

मी त्याच्या बायकोला म्हटलं, अगं, हातानं पांढरा काढलाही असेल, सवयीनं डोळ्यापुढं काळा येत असेल. तिनं तसं त्याला सांगून पाहिलं. तो म्हणतो, हाताला आठवलं असतं. आता घरी बसून असतो. घरात इस्त्री नाही, कपडे गादीखाली घालून सरळ करतो. दिवा लावून पडतो आणि छताकडे बघत राहतो, डोळे म्हणून मिटत नाही. बायको दवाखान्यात गेली की हा रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो, आत पाऊल टाकत नाही. नर्सला कळलं तर ती स्वतःला दोष देईल, म्हणतो.

म्हणून हे वाचणाऱ्याला माझं एक सांगणं आहे. ती नर्स कुणाला भेटली तर तिला एवढा निरोप द्या. बाई, तुझ्यामुळं त्याला काही महिने सुखाची झोप लागली, त्याचा तुझ्यावर राग नाही. पण यापुढं कुणाला शिकवशील तेव्हा सांग, आधी हात, मग डोळे. आणि तिला विचारा, ज्याची बरं वाटायची जागाच जळाली, त्यानं आता डोळे मिटून कुठं जायचं?